शितावरून भात, लॉटवरून माणूस

काडतुसाची एक मूलभूत अडचण आहे. ते चांगलं आहे की नाही हे कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे ते उडवून बघणं, आणि उडवलं की ते उरत नाही. जे तपासलं ते संपलं. जे स्पर्धेत वापरायचं आहे ते तपासलेलंच नाही. पन्नासाच्या खोक्यातली दहा उडवून बघितली, तरी उरलेल्या चाळीसांबद्दल आपल्याकडे असतो तो फक्त अंदाज. हा अंदाज कधी धरावा, किती धरावा, आणि माणसांबद्दल तो धरण्याचा आपल्याला हक्क आहे का, असा प्रश्न मला पडला आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नेमबाजांकडे तयार आहेत. तिसऱ्याचं उत्तर बीड जिल्ह्यात शोधावं लागेल.

नळीला कुठली गोळी मानवते

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत त्याचे गुण होते ४५१.४. या प्रकारात गुडघा टेकून, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. ५० मीटरवरच्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पॉइंट टू-टू रायफलची गोळी स्वतःच साधारण ५.६ मिलिमीटर जाड असते.

इतक्या बारीक खेळात हात, श्वास आणि डोळा यांच्याइतकंच काडतूसही महत्त्वाचं. पण एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसं सगळी सारखी नसतात. ती लॉटमध्ये बनतात आणि खोक्यावर लॉटचा नंबर छापलेला असतो. म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट उत्पादकाच्या चाचणी केंद्रात जातात: इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला इली कंपनीकडे, जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे. तिथे रायफल लोखंडी पकडीत घट्ट आवळतात. माणसाचा हात, थरथर, धडधड सगळं बाजूला. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या पुन्हा पुन्हा उडवून ५० मीटरवर त्या किती जवळ-जवळ पडतात ते मोजतात. ज्या लॉटचं ग्रुपिंग सर्वांत घट्ट, त्याची खोकी घेऊन घरी यायचं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो लॉट एका रायफलीत उत्तम चालतो, तोच शेजारच्याच्या रायफलीत विखुरतो. त्यामुळे जाणता नेमबाज ‘हा लॉट चांगला’ असं म्हणत नाही. ‘हा लॉट माझ्या नळीला मानवतो’ असं म्हणतो. निष्कर्ष काढतानाच तो त्याची हद्दही सांगतो.

पॉइंट टू-टूचं काडतूस एकदा उडालं की पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलींची पितळी टोपणं मात्र पुन्हा वापरता येतात, आणि अमेरिका-युरोपात हजारो हौशी नेमबाज आपली काडतुसं घरी हातानं भरतात. दारू काट्यावर तोलायची, गोळी ठरावीक खोलीवर बसवायची, प्रत्येक नग आधीच्यासारखाच होईल असं बघायचं आणि मग १००, ३००, ६०० मीटरवर तो तपासायचा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे आपले नेमबाज काडतूस घडवत नाहीत, निवडतात. पण घडवणारा आणि निवडणारा या दोघांपुढचा प्रश्न एकच: थोड्यांवरून सगळ्यांबद्दल काय म्हणता येईल?

तीन गोळ्यांचा मोह

कॉलेजात ज्यांनी एनसीसी केली असेल त्यांना ग्रुपिंग हा शब्द माहीत असेल. २५ मीटरवर झोपून पाच राउंड मारायचे आणि कागदावरची छिद्रं किती जवळ आली ते बघायचं. पाचही छिद्रं एका नाण्याखाली झाकली गेली की छाती फुगते. फोटो निघतो, स्टेटसला जातो.

काडतूस तपासणाऱ्याला हा मोह सर्वांत आधी सोडावा लागतो. पाचाऐवजी तीनच गोळ्या मारल्या तर ग्रुप आणखी छान दिसतो, पण त्याचं कारण गोळ्यांत नसून गणितात असतं. जितक्या कमी गोळ्या, तितकी एखादी लांब पडण्याची संधी कमी. त्याच काडतुसांच्या दहा गोळ्या मारल्या तर टोकाच्या दोन छिद्रांमधलं अंतर तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून जास्त भरतं. रायफल तीच, दारू तीच, हवा तीच. आपण फक्त जास्त वेळ बघितलं.

दुसरा मोह फ्लायरचा. नऊ गोळ्या एकत्र पडल्या आणि दहावी दोन बोटं बाजूला गेली. अशी चुकार गोळी म्हणजे फ्लायर. ‘माझा हात हलला असेल’ असं म्हणून ती वगळावीशी वाटते. नवा माणूस ती वगळतो. जुना माणूस ती मोजतो, कारण स्पर्धेतही ती मोजली जाणार आहे. उलटा मोहही तितकाच वाईट. एकच चुकार गोळी बघून ‘हा लॉट भंगार आहे’ म्हणत अख्खं खोकं बाजूला सारणारेही असतात. नऊ छिद्रं त्यांना दिसतच नाहीत.

तिसरी गोष्ट अंतराची. समजा दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक आहे. सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास सुटणाऱ्या गोळीला हा फरक किरकोळ वाटतो. ढोबळ हिशेबानं १०० मीटरवर तो उंचीत दोनेक मिलिमीटर दिसतो, म्हणजे दिसतच नाही. ३०० मीटरवर तो दोन सेंटीमीटर होतो आणि ६०० मीटरवर दहा-बारा सेंटीमीटर. दोष आधीपासूनच होता. जवळून तपासणाऱ्याला तो सापडण्याची शक्यताच नव्हती. १०० मीटरवरचा ग्रुप ६०० मीटरबद्दल फारसं काही सांगत नाही. ज्या अंतरावर वापरायचं, त्याच अंतरावर तपासावं लागतं.

थोडक्यात, काडतुसाला न्याय द्यायचा तर पुरेशा गोळ्या हव्यात, एकही छिद्र सोयीनं गाळता कामा नये, अंतर बदलून बघायला हवं आणि निष्कर्षाची हद्द सांगायला हवी. एवढं सगळं शिसं आणि पितळेसाठी.

भाताची परीक्षा कधी लागू पडते

आपल्याकडे या सगळ्याला एक घरगुती म्हण आहे: शितावरून भाताची परीक्षा. संस्कृतातही हाच विचार स्थालीपुलाकन्याय या नावानं आहे. पातेल्यातलं एक शीत दाबून बघायचं, ते शिजलं असेल तर भात शिजला.

ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की ती खरी का ठरते हे विचारायचं राहून जातं. ती खरी ठरते कारण सगळा तांदूळ एका पातेल्यात आहे, एका पाण्यात आहे आणि खाली एकच आच आहे. तांदूळ जुना-नवा मिसळलेला असेल किंवा चुलीवर पातेलं कलतं बसलं असेल तर म्हण फसते. एका बाजूचं शीत मऊ आणि दुसऱ्या बाजूचं कच्चं. म्हणजे शितात भाताबद्दल सांगण्याची ताकद स्वतःची नसते. ती त्याला एका पातेल्यातून मिळते.

आपल्या जुन्या तर्कशास्त्रात यावर बरीच भांडणं झाली आहेत. नैयायिक म्हणत, जिथे धूर तिथे आग, असा कायमचा संबंध, म्हणजे व्याप्ती, पटली की अनुमान करता येतं. चार्वाक विचारत, सगळ्या काळातले, सगळ्या जागांवरचे धूर तुम्ही कुठे बघितलेत? मग व्याप्ती ठरवली कशी? युरोपात अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमनंही जवळपास हाच प्रश्न उभा केला: आजवर झालं म्हणून उद्या होईल, याला आधार काय? नैयायिकांनी चार्वाकाला पुरतं गप्प केलं असं मला वाटत नाही, पण त्यांनी एक फार उपयोगी गोष्ट शोधून ठेवली, तिचं नाव उपाधी. ‘जिथे आग तिथे धूर’ हे उलटं विधान खोटं आहे, कारण धुराला नुसती आग पुरत नाही, ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. दोन गोष्टी सतत जोडीनं दिसतात म्हणून आपण एकीला दुसरीचं कारण मानतो, आणि खरं काम तिसरीच कोणीतरी करत असते.

काडतुसांचा लॉट हे बऱ्यापैकी खरं पातेलं आहे. तेच यंत्र, तीच दारू, तेच शिसं. म्हणून दहा गोळ्यांवरून हजारांबद्दल बोलता येतं. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा कुठल्याही कारखान्यात प्रत्येक नग उडवून बघणं शक्य नसतं. तसं केलं तर पाठवायला काही उरणारच नाही. लॉटमधून नमुना काढायचा, तो तपासायचा आणि सगळ्या लॉटचा निकाल लावायचा. इथे लॉटवरून न्याय करण्यावाचून इलाज नाही, आणि त्यात अन्यायही नाही.

बीड नावाचं खोकं

आता माणसांकडे येऊ.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या झाली. पुढचे कित्येक आठवडे बीड रोज बातम्यांत होतं. खंडणी, गुंडगिरी, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ. मग जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याची चर्चा झाली, परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि शेकडो रद्द झाले. हत्या खरी होती, दहशत खरी होती, इतके परवाने कोणी आणि का दिले हा प्रश्नही खरा होता. त्यातलं काहीही सौम्य करून सांगण्याचा माझा हेतू नाही.

पण त्याच काळात एक वाक्य सर्रास ऐकू येत होतं: ‘बीडचा बिहार झालाय.’ हे वाक्य एका दगडात दोन खोकी फेकून देतं. बीडच्या लाखो माणसांचा निकाल लागतो, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही अशा बिहारच्या कोट्यवधी माणसांचाही लागतो. मग पुण्यात खोली शोधणारा केजचा एखादा मुलगा घ्या. ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला तो उत्तर देतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलतं. त्या क्षणी त्याच्या खोक्यावरचा लॉट नंबर वाचला गेलेला असतो.

नेमबाजाच्या कसोट्या इथे लावून बघा. किती गोळ्या? टीव्हीवर दिसलेल्या मूठभर. कशा निवडलेल्या? चुकार तेवढ्याच, कारण बातमी चुकार गोळीचीच होते. नऊ छिद्रांची कोणी बातमी करत नाही. कुठल्या अंतरावरून? मोबाइलच्या पडद्यावरून. निष्कर्षाची हद्द? सांगितलेलीच नाही. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, पातेलं एक आहे का? परळीचा बाजार, आष्टीचं माळरान, कोयता घेऊन दर हंगामात परजिल्ह्यात जाणारी कुटुंबं, अंबाजोगाईची कॉलेजं, हे सगळं एका आचेवर शिजलेलं नाही. दहशत वाढली असेल तर तिची उपाधी शोधावी लागेल: पैसा कुठून आला, संरक्षण कोणी दिलं, तक्रार कोणी दाबली. ‘बीड’ हे ओलं सरपण नाही.

या लॉटवारीला एक गोडवाही असतो, तो जास्त फसवा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक जिंकलं. त्याच्यासारख्याबद्दल ‘बीडचा असूनही’ असं कौतुकानं म्हटलं जातं. ‘असूनही’ या शब्दात लॉट तसाच राहतो आणि चांगला माणूस तेवढा फ्लायर ठरतो. त्याला वगळून खोक्याचा निकाल कायम.

आणि जिल्ह्याच्या आतही खोकी आहेतच. हत्येनंतर मराठा आणि वंजारी समाजांत ताण वाढला आणि आडनाव हाच माणसाचा निकाल होऊ लागला. २०२५ च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनाव काढून फक्त पहिलं नाव ठेवायला सांगितलं. म्हणजे खोक्यावरचा लॉट नंबर पुसला. यानं जात जाणार नाही हे उघड आहे. ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न आपल्याकडे दुसऱ्याच वाक्यात येतो. तरी ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसाला समोरच्या अधिकाऱ्याकडे आधी अधिकारी म्हणून बघायची थोडी उसंत मिळते. ती उसंत कमी मोलाची नाही.

पण शक्यता खोट्या असतात का?

इथे एक रास्त आक्षेप येतो. घरमालक म्हणेल, मला सगळ्यांची चौकशी करायला वेळ नाही. दहापैकी एक जरी त्रासदायक निघाला तर निस्तरायचं मला आहे. शक्यतेचा विचार करणं म्हणजे पूर्वग्रह नव्हे. विमा कंपन्या तेच करतात, बँका तेच करतात.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लॉट तपासण्याच्या शास्त्रात दोन चुका वेगळ्या मोजतात. चांगला लॉट चुकून नाकारला जाणं ही उत्पादकाची जोखीम. वाईट लॉट चुकून स्वीकारला जाणं ही ग्राहकाची जोखीम. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, म्हणून दोन्ही बाजू आधी बसून ठरवतात की कोणी किती सोसायचं. घरमालकाच्या हिशेबात एकच जोखीम असते, त्याची स्वतःची. नाकारल्या गेलेल्या चांगल्या मुलाची जोखीम कुठल्याच वहीत लिहिली जात नाही, आणि ती ठरवायच्या बैठकीला त्याला कोणी बोलावलेलंही नसतं.

तरी समजा आकडे खरोखरच घरमालकाच्या बाजूनं आहेत. नीट, पुरेसे, न गाळलेले आकडे. मग तर लॉटवरून न्याय करणं योग्य?

मला तरीही नाही वाटत, आणि त्याचं कारण पहिल्याच परिच्छेदात आहे. काडतुसाला आपण लॉटवरून जोखतो, कारण त्याला एकेकटं तपासण्याचा मार्गच नाही. तपासलं की ते संपतं. माणसाचं तसं नाही. माणूस तपासला तरी उरतो. त्याच्याशी दहा मिनिटं बोलता येतं, त्याच्या आधीच्या घरमालकाला फोन करता येतो, डिपॉझिट घेता येतं, तीन महिन्यांचा करार करता येतो. यातल्या कशानंही तो नाहीसा होत नाही, उलट थोडा जास्त कळतो. ज्या असहायतेमुळे काडतुसाच्या बाबतीत लॉटवरचा न्याय रास्त ठरतो, ती असहायता इथे नाही. उरतो तो फक्त आपला आळस, किंवा घाई.

दुसरा फरक याहून खोल आहे. काडतुसाला आपला लॉट नंबर माहीत नसतो. त्याला कितीही नावं ठेवा, ते होतं तसंच उडतं. माणूस मात्र आपल्याबद्दलचा निकाल ऐकतो. कॅनडाचे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी याबद्दल बरंच लिहिलं आहे: माणसांचं वर्गीकरण केलं की ती माणसं त्या वर्गीकरणाला प्रतिसाद देतात, त्यामुळे बदलतात, आणि मग वर्गीकरणही बदलावं लागतं. केजच्या त्या मुलाला तीन ठिकाणी खोली नाकारली की चौथ्या ठिकाणी तो गाव खोटं सांगेल. किंवा आपल्याच गावच्या पोरांच्या कंपूत राहील, जिथे त्याला कोणी काही विचारत नाही. किंवा एखाद्या दिवशी वैतागून म्हणेल, आहेच मी बीडचा, काय करणार आहेस? आणि घरमालक शेजाऱ्याला सांगेल, बघा, मी म्हटलं नव्हतं? तपासणीनंच दोष तयार केला आणि तपासणीच खरी ठरली. अशी सोय कुठल्याही रेंजवर नाही.

कारण लिहून द्या

मला इथे शस्त्र कायद्यातलीच एक तरतूद महत्त्वाची वाटते. बीडमध्ये परवाने रद्द झाले, त्याचं बहुतेकांनी स्वागत केलं. पण या कायद्याच्या कलम १७ नुसार परवाना रद्द करताना अधिकाऱ्याला त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. परवानाधारकानं मागितलं तर, सार्वजनिक हिताच्या आड येत नसेल तेव्हा, त्याला ती थोडक्यात कळवावी लागतात. आणि कलम १८ नुसार त्याला अपील करता येतं. म्हणजे ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे, त्याच्याबद्दलही कायदा म्हणतो: याचा निकाल याच्या नावासमोर, याच्या कारणानं लाव. ‘जिल्ह्यात परवाने फार झालेत’ ही फेरतपासणीची सुरुवात असू शकते, पण अमुक एकाचा परवाना रद्द करायला अमुक एकाबद्दल काहीतरी लिहावं लागतं.

खोली मागायला आलेल्या मुलाला एवढंही मिळत नाही. त्याला मिळतं ते ‘अरे, कालच गेली रूम’. कारण लिहून द्यायची वेळ आली असती तर घरमालकाच्या कागदावर काय आलं असतं? ‘हा मुलगा अमुक करतो’ असं काही तो लिहू शकला नसता, कारण त्या मुलाबद्दल त्याला काही माहीतच नाही. गावाचं नाव लिहून तो थांबला असता.

आपण सगळेच रोज कुणाला ना कुणाला नाकारतो: रूममेट म्हणून, कामाला ठेवताना, लग्नाचं बघताना, मॅट्रिमोनीच्या अॅपवर बोट सरकवताना. प्रत्येकाची पूर्ण चौकशी शक्य नाही, हे मान्य. पण नकार देण्याआधी मनातल्या मनात कारणाची एक ओळ लिहून बघायला वेळ लागत नाही. त्या ओळीत समोरच्या माणसाबद्दल काही असेल तर आपण चुकीचे असू किंवा बरोबर असू, पण आपण निदान त्याचा विचार केला. ओळीत फक्त गाव, आडनाव किंवा जात असेल, तर आपण खोक्यावरचा नंबर वाचून आत न बघताच ते परत ठेवलं आहे.